बापाचे तास मोजताना : खाप्याचा माग, गुमगावची खाण

सामाजिक शास्त्रांच्या सिनॉप्सिसमध्ये एक गृहीतक हमखास भेटतं. ‘वडिलांचे कामाचे तास वाढले की मुलांच्या संगोपनातला त्यांचा सहभाग कमी होतो.’ स्वतंत्र चल कामाचे तास, आश्रित चल सहभाग. प्रश्नावलीत दोन रकाने, नमुना दोनशे-तीनशे कुटुंबांचा, शेवटी सहसंबंध गुणांक काढला की प्रकरण संपलं. तुमच्या डोक्यात असंच काही असेल तर आज जरा थांबा. मी हा विषय इतिहासाच्या बाजूने बघते, आणि इतिहासात शिरलं की हे गृहीतक पहिल्याच वळणावर अडखळतं. गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्याकडच्या कारखान्यातल्या आणि खाणीतल्या पुरुषाचे तास कायद्याने कमी कमी होत गेले. त्याच हिशेबाने बाप मुलांच्या जवळ यायला हवा होता. तसा तो आलेला दिसत नाही. काही घरांत तर नेमका याच काळात तो लांब गेला.

हे नीट समजायला मोठं शहर घेण्यापेक्षा एक लहान गाव घेऊ. खापा. नागपूर जिल्हा, सावनेर तालुका, कन्हान नदीच्या काठावर, नागपूरहून साधारण ३५ किलोमीटर. गाव लहान, पण नगरपालिका १८६७ ची! इंग्रजी काळातल्या गॅझेटिअरमध्ये हे गाव हातमागाच्या कापडासाठी येतं. आणि गावाला लागून गुमगावची मँगनीजची खाण आहे, जी आज मॉयल ही सरकारी कंपनी चालवते. म्हणजे एकाच गावाच्या शिवारात बापाच्या कामाच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा सापडतात : घरातला माग आणि घराबाहेरची पाळी. तुलनेसाठी याहून बरी जागा शोधून सापडणार नाही.

आधी माग. विणकराचं घर डोळ्यांपुढे आणा. माग घरातच, बहुतेक वेळा पुढच्या खोलीत, खड्ड्यात पाय सोडून बसायचा. बाप धोटा फेकतोय, बायको सूत उकलतेय, लहान पोर चरख्यावर कांड्या भरतंय. ताण्याला खळ लावायची तेव्हा घराची लांबी पुरायची नाही, म्हणून ताणा गल्लीत पसरायचा आणि दोन्ही बाजूंनी घरातली माणसं कुंचे घेऊन चालायची. या कामाला तास नव्हते. उजेड असेपर्यंत काम, सणाच्या आधी आणि लग्नसराईत रात्री दिव्यावरसुद्धा. दिवसाचे बारा तास म्हटले तरी कमीच धरल्यासारखं होईल.

आता तुमचं गृहीतक इथे लावून बघा. इतके तास राबणारा बाप मुलांच्या वाट्याला शून्य यायला पाहिजे. पण हा बाप दिवसभर मुलांच्या समोर होता. मूल रडलं तर त्याला ऐकू जायचं, पडलं तर दिसायचं. धोटा कसा धरायचा, तुटलेला धागा कसा सांधायचा हे मुलगा त्याच्याकडूनच शिकला. त्याचं वागणं, बोलणं, शेजाऱ्याशी भांडण, सावकाराच्या माणसापुढे मऊ होणं, सगळं मुलांनी जवळून पाहिलं.

इथे लगेच एक खबरदारी घ्यायची. ‘पूर्वी बाप घरी असायचे, किती छान होतं’ या सुरात वाहवत जाऊ नका. मागाच्या घरात मूल म्हणजे कामाचा हात. कांड्या भरणारं पोर शाळेत नव्हतं. बाप जवळ होता, पण जवळ होता तो मुकादमासारखाही. चुकलं की धपाटा तिथल्या तिथे. आणि अंघोळ घालणं, भरवणं, तापात रात्रभर बसणं ही कामं त्याच्याकडे होती असं समजायला काहीच आधार नाही. ती आईकडे, आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे. मग याला ‘सहभाग’ म्हणायचं की नाही?

नेमक्या या अडचणीसाठी मायकेल लॅम्ब, जोसेफ प्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत एक मांडणी केली. ती तुम्हाला माहीत असलीच पाहिजे, कारण परीक्षक विचारतात! बापाचा सहभाग एक गोष्ट नाही, तीन आहेत असं त्यांनी म्हटलं. पहिली, मुलाशी थेट काहीतरी करणं : खेळणं, शिकवणं, भरवणं. दुसरी, हाताशी असणं, म्हणजे मूल आपलं आपण खेळत असलं तरी हाक मारली तर बाप तिथे आहे. तिसरी, जबाबदारी : लस कधी द्यायची, शाळेची फी कधी भरायची, चपला लहान झाल्यात हे कोणाच्या डोक्यात असतं? विणकर बाप दुसऱ्या मापावर भरपूर, पहिल्यावर फक्त धंद्यापुरता, तिसऱ्यावर बहुधा कमी. एकच बाप, तीन वेगळे आकडे. प्रश्नावलीत एकच रकाना ठेवला असता तर यातलं काय हाती लागलं असतं?

आता माग सोडून गिरणीकडे जाऊ. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीच्या कापडाने आसपासच्या मागांवर दोन बाजूंनी घाव घातला. एक, स्वस्त माल. दुसरा, नोकरी. माग परवडेना तसे विणकर कुटुंबांतले पुरुष गिरणीच्या दारात उभे राहिले. नागपुरातच राहणाऱ्यांचं एक वेळ ठीक, पण खाप्यासारख्या गावाहून त्या काळात रोज ये-जा करणं शक्यच नव्हतं. गिरणी धरली की गाव सुटलं, किंवा बापाचं गाव सुटलं आणि पोरं गावातच राहिली.

आणि बघा, इथूनच तास मोजायला सुरुवात होते. मागावरच्या माणसाचे तास कोणी मोजले नाहीत, कारण १८८१ चा फॅक्टरी कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांपुरता होता. तोही मुलांच्या तासांबद्दल बोलत होता, मोठ्या पुरुषांबद्दल नाही. मोठ्या पुरुषाच्या तासांना पहिली मर्यादा आली ती १९११ मध्ये, कापड गिरण्यांत दिवसाला १२ तास. तोवर विजेचे दिवे आल्यावर मुंबईच्या काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालत होत्या आणि त्यावरूनच सरकारला चौकशी समिती आणि १९०८ चा आयोग नेमावा लागला होता. पुढे १९२२ ला दिवसाचे ११ तास, आठवड्याचे ६०. १९३४ ला १० आणि ५४. १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते त्या काळात आलेल्या दुरुस्तीने ९ आणि ४८. १९४८ च्या कायद्याने तेच कायम केलं. खाणींचा प्रवास थोडा वेगळा, पण दिशा तीच : १९२३ ला जमिनीवर आठवड्याला ६०, जमिनीखाली ५४, १९५२ च्या खाण कायद्याने ४८, त्यात जमिनीखाली दिवसाला ८.

हे आकडे तोंडपाठ करू नका. त्यांच्यात काय नाही ते बघा. बारा तासांवरून आठ-नऊवर यायला जेमतेम चार दशकं लागली, आणि त्या सगळ्या वादात कारणं दिली गेली ती कामगाराच्या तब्येतीची, उत्पादनाची, लँकेशायरशी स्पर्धेची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या वतीने मांडलेल्या मागण्या आठवा : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अपघाताची भरपाई. पोरांसाठी वेळ हवा, असं कलम त्यात नाही. याचा अर्थ त्या बापांना मुलांची माया नव्हती असा काढाल तर फसाल. ती गोष्ट मागणीपत्रात लिहिण्याजोगी मानली जात नव्हती, एवढंच कागद सांगतो. पण परिणाम बघायला गेलं तर माझ्या मते त्या यादीत मुलांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी होती ती रविवारची सुट्टी, जी मुंबईच्या गिरण्यांत जून १८९० मध्ये मान्य झाली. रोजचा एक तास कमी झाला तर बाप कदाचित झोपेल, कदाचित बाजारात जाईल. ठरलेला, सगळ्यांचा एकच असलेला सुट्टीचा दिवस मात्र मुलाला आधीपासून माहीत असतो. त्याची वाट बघता येते.

परत खाप्याकडे येऊ. नागपूर जिल्ह्यात मँगनीज खणायला सुरुवात झाली ती एकोणिसावं शतक संपता संपता, रामटेकजवळच्या मनसरच्या बाजूने. तेव्हा खाणी उघड्या असत. पुरुष खोदायचे, बायका टोपल्या वाहायच्या आणि दगड निवडायच्या, पोरं तिथेच काठावर. म्हणजे सुरुवातीची खाण ही एका अर्थाने मागासारखीच होती, सगळं घर कामावर. मग कायदे आले. १९२३ च्या खाण कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांना खाणीच्या कामातून बाहेर काढलं, १९३५ ला ती मर्यादा पंधरावर गेली. १९२९ पासून टप्प्याटप्प्याने बायकांना जमिनीखालच्या कामाची बंदी झाली. दोन्ही गोष्टी गरजेच्या होत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांचा एक परिणाम असा झाला की बाप खाली एकटाच उरला. मूल आणि बाप जिथे एकत्र दिसायचे ती कामाची जागा बंद झाली, आणि त्या बदल्यात दुसरी जागा कोणी आखून दिली नाही.

आजची गुमगावची खाण भूमिगत आहे. भूमिगत खाण आली की पाळी आली. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तासांच्या रकान्यातून पाळी पूर्ण निसटते. साधा हिशेब करा. काम बारा तासांचं असेल तर दिवसात दोनच पाळ्या बसतात. आठ तासांचं झालं की तीन बसतात. म्हणजे बापाला मोकळा वेळ देणाऱ्या आठ तासांच्या कायद्यानेच खाणमालकाला आणि गिरणीमालकाला चोवीस तासांची नीट वाटणी करायची सोय दिली.

आता आठवड्यागणिक पाळी बदलणाऱ्या माणसाचं घर घ्या. तास तेच, ४८. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो पहाटे उठून जातो, दुपारी परत येतो. मुलं शाळेतून आली की बाप घरी आहे. अभ्यास घेईल, सायकलचं पंक्चर काढून आणेल, नदीवर घेऊन जाईल. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मुलं शाळेत असताना तो निघतो आणि झोपल्यावर परततो. सहा दिवस बाप म्हणजे खुंटीला लटकवलेला शर्ट आणि सकाळी पांघरुणाखालची एक आकृती. रातपाळीच्या आठवड्यात तो दिवसभर घरात आहे, पण घरात ‘हळू बोला, बाबा झोपलेत’ एवढंच चालतं. रेडिओ बंद, टीव्हीचा आवाज बंद, खेळायचं ते बाहेर. लॅम्ब आणि प्लेक यांच्या भाषेत बोलायचं तर हा बाप घरी आहे, पण हाताशी नाही. एका महिन्यात एकाच माणसाचे तीन बाप होतात, आणि तुमच्या प्रश्नावलीत तिन्ही ठिकाणी एकच आकडा : ४८.

‘सहभाग’ विचारताना तुम्ही त्याला कोणत्या आठवड्यात गाठलंत यावर सगळं उत्तर ठरणार. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो आदर्श बाप, दुसरीच्या आठवड्यात बेफिकीर. बरेच सर्वेक्षण अहवाल वाचताना मला हीच धास्ती वाटते.

पाळीशिवाय दुसरी गोष्ट अंतर. मुंबईच्या गिरणगावातला कोकणी माणूस हे त्याचं टोकाचं उदाहरण. बायको-मुलं रत्नागिरी-सावंतवाडीकडे, तो खोलीत दहा-पंधरा जणांसोबत आणि जेवण खानावळीत. राजनारायण चंदावरकर यांच्या मुंबईवरच्या १९९४ च्या पुस्तकात गाव आणि गिरणी यांच्यातला हा दोर फार बारकाईने उलगडला आहे, तो जरूर वाचा. या बापाचे तास १२ चे ९ झाले म्हणून मुलाला काय मिळालं? काहीच नाही. त्याचा हिशेब दिवसाचा नव्हताच, वर्षाचा होता : शिमगा आणि गणपती. मनीऑर्डर वेळेवर येणं हेच तिथलं संगोपन, आणि ते कमी दर्जाचं आहे असं ठरवण्याआधी त्या घरातल्या मुलांना काय वाटत होतं हे विचारायला हवं.

मग कायद्याने बापाला कधी बाप म्हणून बघितलंच नाही का? जवळजवळ नाही. हा माझ्या कामाचा मुख्य भाग, म्हणून थोडं सविस्तर. बाळंतपणाचा कायदा मुंबई प्रांतात १९२९ मध्ये आला, आणि खापा-नागपूर ज्या मध्य प्रांतात होतं तिथे लगेच १९३० मध्ये. मुंबईच्या विधिमंडळात या कल्पनेला डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये पाठिंबा दिला होता. खाणींसाठी पाळणाघराचे नियम १९४६ चे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पाळणाघराचं कलम ४८ होतं. ते लागू कधी व्हायचं? पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तेव्हा. पुढे ती संख्या तीसवर आणली. कारखान्यात दोन हजार बाप असले आणि वीस आया, तर कायद्याच्या लेखी तिथे मूलच नव्हतं. एकाच कायद्यात पुरुषाचे तास कमी करणारं कलम होतं आणि मुलाची सोय करणारं कलम होतं, पण दोघांची गाठ कुठेच पडत नव्हती.

२०१७ च्या दुरुस्तीत यातलं अर्धं बदललं. आता पाळणाघरासाठी बायका न मोजता एकूण कर्मचारी मोजायचे, पन्नास किंवा जास्त. छान वाटलं ना? पुढचं वाक्य वाचा. दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जायची मुभा दिली आहे ती आईला. बाप मोजला, पण त्याला दार उघडलं नाही. (कायदा वाचताना आपण व्याख्या वाचतो आणि सर्वनामं सोडून देतो. ही सवय आजच मोडा.) केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पाचव्या वेतन आयोगानंतर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळू लागली, तीही दोनपेक्षा कमी हयात मुलं असलेल्याला. खासगी कारखान्यातल्या किंवा ठेक्यावरच्या माणसासाठी देशात असा सर्वसाधारण कायदा नाही. स्वीडनने १९७४ मध्येच मातृत्व रजेच्या जागी पालक रजा आणली होती आणि नॉर्वेने १९९३ मध्ये त्यातला काही भाग फक्त बापासाठी राखून ठेवला. त्यांच्याकडे तासांचा आणि मुलांचा कायदा एकमेकांशी बोलतो. आपल्याकडे अजून दोन वेगळ्या फायली आहेत.

आजचे आकडेही एकदा बघून घ्या. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयाच्या पुरुषांपैकी २१.४ टक्के जणांनी घरातल्या माणसांची काळजी घेण्याच्या कामात भाग घेतला, आणि घेतला त्यांनी दिवसाला सरासरी ७४ मिनिटं दिली. बायकांमध्ये हेच प्रमाण ४१ टक्के आणि १४० मिनिटं. ही सरासरी देशाची आहे, त्यामुळे खाप्यातल्या कोणत्या गल्लीत काय चालतं हे ती सांगणार नाही. शिवाय काळजी म्हणजे फक्त मुलांची नव्हे, म्हाताऱ्या-आजाऱ्यांचीही त्यात आली. पण माझ्या मुद्द्याला ती उपयोगी पडते, कारण पुरुषांमधला मोठा फरक मिनिटांआधीच सुरू होतो : पाचातल्या जवळजवळ चौघांनी त्या दिवशी हे काम केलंच नाही. त्या सगळ्यांचे तास लांब होते म्हणून? पेन्शनीत निघालेला, शेतीचं काम नसलेल्या महिन्यात पारावर बसलेला, पहिली पाळी करून दुपारी घरी आलेला, हे सगळे मोकळेच असतात. वेळ मोकळा होणं आणि तो मुलाकडे वळणं यांच्या मध्ये घरातली कामाची वाटणी उभी असते, आणि तिचा इतिहास कामगार कायद्यांपेक्षा जुना आहे.

याचा अर्थ तास बिनमहत्त्वाचे, असं मी म्हणत नाही. चौदा तास गिरणीत उभा राहिलेला माणूस घरी येऊन गोष्ट सांगू शकत नाही, हे मान्य करायला सिद्धांत लागत नाही. पण तास हे दार आहे. ते बंद असेल तर आत जाता येत नाही, उघडं असलं म्हणून कोणी आत जाईलच असं नाही.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना ‘कामाचे तास’ हा एक चल न ठेवता त्याचे निदान चार भाग करा : किती, दिवसाच्या कोणत्या वेळी, घरापासून किती लांब, आणि पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक त्याला आज माहीत आहे का. हा चौथा भाग ठेक्यावरच्या कामगाराच्या बाबतीत सगळ्यात जास्त बोलतो. सहभागाबद्दल ‘मुलांना किती वेळ देता?’ असं विचारू नका. सगळे छान उत्तर देतात. त्याऐवजी विचारा की मुलीचा वर्गशिक्षक कोण, मागच्या वेळी ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं, प्रगतिपुस्तकावर सही कोणाची आहे. मुलांनाही विचारा, आणि शक्य असेल तर आता पन्नाशीत असलेल्या, अशा घरांत वाढलेल्या मुलांना. विणकराच्या घरात वाढलेला आणि खाण कामगाराच्या घरात वाढलेला एकाच गावात, एकाच वयाचा सापडणं ही खाप्यासारख्या गावाची देणगी आहे. मागावर बसलेली शेवटची पिढी आता म्हातारी होत चालली आहे, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आणि खाण कामगारांच्या घरी मुलाखतीला जाणार असाल तर आधी फोन करून कोणती पाळी चालू आहे ते विचारा. ते उत्तर वहीत पहिल्या ओळीवर लिहा, तारखेच्या शेजारी. रातपाळी असेल तर दुपारी दार वाजवू नका.